प्रार्थना ऐकलीच गेली नाही असे वाटते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा उपासना संपल्यावर, लोक पांगल्यावर, हळू आवाजात विचारले जातात. कुणी अपत्यासाठी, कुणी व्यसनी नवऱ्यासाठी, कुणी आजारी माणसासाठी वर्षानुवर्षे गुडघे टेकलेले असतात. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. पण एका प्रार्थनागटात मी बरीच वर्षे बसतो आहे, आणि आमच्या घरातही अशी एक प्रार्थना आहे जी मागितली तशी मिळाली नाही. माझ्या कानावर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न खाली घेतले आहेत.

"मागा म्हणजे तुम्हांला मिळेल" असे येशूने स्पष्ट सांगितले आहे. मग मागूनही का मिळत नाही?

हे वचन मत्तयाच्या सातव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात आहे. ते तिथून उचलून एकटेच भिंतीवर टांगले की घोटाळा होतो. त्याला लागूनच बाप आणि लेकराचे उदाहरण येते. मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप त्याच्या हातावर धोंडा ठेवेल? मासा मागितला तर साप देईल? मग स्वर्गातला पिता मागणाऱ्यांना चांगल्या देणग्या देणार नाही का? वचन आहे ते चांगल्या देणगीचे. जे मागितले तेच, तसेच आणि त्याच वेळी हातात पडेल, असे तिथे म्हटलेले नाही. लूकच्या अकराव्या अध्यायात हाच दाखला पुन्हा येतो आणि तिथे देणगीचे नावच दिले आहे: पवित्र आत्मा. देव काही देण्याआधी स्वतःला देतो, असा त्याचा अर्थ मी घेतो.

मूळ ग्रीकमध्ये ही क्रियापदे चालू राहणारी आहेत: मागत राहा, शोधत राहा, ठोकत राहा. एकदा ठोकून दार उघडले नाही, ही शक्यता येशूने त्या वाक्यातच धरलेली आहे.

'माझ्या नावाने मागा' या शब्दांचेही तसेच. शेवटी 'येशूच्या नावाने, आमेन' जोडले म्हणजे ते झाले, असे नाही. राजाच्या नावाने काढलेला हुकूम राजाच्या मनातला असावा लागतो. योहानाच्या पहिल्या पत्रात हे उघडच लिहिले आहे की त्याच्या इच्छेप्रमाणे काही मागितले तर तो आपले ऐकतो.

एवढे सांगून झाल्यावरही प्रश्न संपत नाही, हे मला मान्य आहे. उपाशी लेकरासाठी भाकर मागणारी आई चांगलीच देणगी मागत असते. अंथरुणाला खिळलेला माणूस उठून बसावा, या मागण्यात स्वार्थ तो कसला? खरी ठेच तिथेच लागते.

बायबलमधल्या मोठ्या भक्तांच्या प्रार्थना तरी सगळ्या मान्य झाल्या होत्या ना?

नाही. आणि बायबल ते झाकूनही ठेवत नाही. माझ्यासारख्याला सगळ्यात मोठा धीर यातूनच मिळाला.

मोशेचे पाहा. चाळीस वर्षे रानातून लोकांना चालवत आणल्यावर त्याने एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली: मला पलीकडे जाऊन तो उत्तम देश पाहू दे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात उत्तर आहे: पुरे, याविषयी माझ्याशी पुन्हा बोलू नकोस. डोंगरमाथ्यावरून त्याला तो देश दिसला, पण त्याचे पाऊल तिथे पडले नाही.

दावीदाचे बाळ आजारी पडले तेव्हा तो जेवला नाही, रात्री जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी बाळ गेले. ही बातमी त्याला सांगायला चाकर घाबरत होते. त्यांची कुजबुज ऐकूनच त्याने ओळखले. मग तो उठला, त्याने स्नान केले, कपडे बदलले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन दंडवत घातले आणि घरी येऊन जेवायला मागितले. दुसऱ्या शमुवेलाचा बारावा अध्याय मला सावकाशच वाचावा लागतो.

एलीया रतमाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने जीव घेतला नाही. त्याला झोपू दिले, मग देवदूताने त्याला शिवून उठवले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. खाऊन तो पुन्हा झोपला आणि पुन्हा त्याला उठवून खायला घातले. मरण मागणारा हाच एलीया पुढे न मरताच वर घेतला गेला, असे शास्त्र सांगते. आपल्या काही प्रार्थना नाकारल्या गेल्या म्हणून बरे झाले, असे मागे वळून पाहताना अनेकांना वाटते. एलीया त्यांचा पूर्वज शोभतो.

आणि पौल. शरीरात सलणारा काटा काढून टाकावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. तो काटा म्हणजे नेमके काय, हे त्याने लिहिलेले नाही. डोळ्यांचा आजार, ताप, छळ, असे नाना तर्क लोकांनी केले आहेत. उत्तर मात्र त्याने लिहून ठेवले आहे: माझी कृपा तुला पुरे आहे. काटा राहिला.

मोशेकडे एकदा परत जातो. अनेक शतकांनंतर एका डोंगरावर येशूचे रूपांतर झाले, म्हणजे त्याचे रूप तेजस्वी झाले, परंपरेने त्या डोंगराला ताबोर म्हणतात, तेव्हा येशूशी बोलत उभे असलेले दोघे कोण होते? मोशे आणि एलीया. ज्या देशात पाऊल टाकायला मोशेला मनाई झाली होती, त्याच देशातल्या डोंगरावर तो उभा होता. शास्त्र यावर काही भाष्य करत नाही, म्हणून मीही फार ताणत नाही. पण तो प्रसंग वाचताना मला दर वेळी ती जुनी विनंती आठवते.

येशूची स्वतःची प्रार्थना कधी नाकारली गेली का?

गेथशेमाने बागेत, अटक होण्याच्या रात्री, त्याने मागितले: अब्बा, तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. मत्तय सांगतो की त्याने तेच शब्द वापरून तीनदा प्रार्थना केली. जवळचे तीन शिष्य तेवढ्या वेळात झोपी गेले होते. तो प्याला, म्हणजे पुढे आलेले मरण, दूर झाला नाही. 'तरी माझी इच्छा नको, तुझी इच्छा होवो' हे शब्द आपण पटकन म्हणून मोकळे होतो. त्याला ते म्हणताना जड गेले होते.

इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात मात्र एक विलक्षण वाक्य आहे. येशूने मोठा आक्रोश करून, अश्रू गाळून विनवण्या केल्या आणि त्याचे ऐकण्यात आले, असे तिथे म्हटले आहे. ऐकण्यात आले? दुसऱ्या दिवशी तर वधस्तंभ होता. म्हणजे शास्त्राच्या हिशेबात 'ऐकले' आणि 'मागितले ते दिले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मरण टळले नाही. मरणाच्या पलीकडून पुनरुत्थान आले.

योहानाच्या सतराव्या अध्यायातली प्रार्थना तर अजून रेंगाळलेलीच आहे. आपल्यावर विश्वास ठेवणारे सगळे एक व्हावेत, असे त्याने पित्याकडे मागितले. त्यानंतर १०५४ मध्ये पूर्व आणि पश्चिमेकडची मंडळी (चर्च) दुभंगली, १५१७ नंतर पश्चिमेकडचीही फुटली, आणि आज किती पंथ आहेत ते मोजणेही कठीण. ख्रिस्ताची ही विनंती आपणच अडवून धरली आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. 'देव माझी प्रार्थना का ऐकत नाही' असे विचारताना हेही डोक्यात असू द्यावे.

"तुमचा विश्वास कमी पडला" असे आम्हाला सांगण्यात आले. ते खरे आहे का?

माझा धाकटा भाऊ आजारी होता तेव्हा आम्ही अकरा महिने रोज रात्री एकत्र प्रार्थना केली. तो गेला. दफनविधीनंतर एका गृहस्थांनी माझ्या आईचा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हटले, "घरात कुणाचा तरी विश्वास डळमळला असणार, ताई." त्यांना बोचकारायचे नव्हते. त्यांना तसे शिकवले गेले होते. पण त्यानंतर दोन वर्षे आई मधूनच रात्री उठून मला विचारायची, "त्या मंगळवारी रिपोर्ट आला तेव्हा मी घाबरले होते रे. तेव्हाच बिघडलं का?" एका आईच्या एका संध्याकाळच्या भीतीवर लेकराचा जीव टांगून ठेवणारा देव बायबलमध्ये मला कुठे सापडलेला नाही.

विश्वासाचा आणि प्रार्थनेचा संबंध आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. नासरेथमध्ये लोकांच्या अविश्वासामुळे येशूने फारशी अद्भुते केली नाहीत, असे मत्तय लिहितो. संशय धरून मागणारा वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा आहे, असे याकोबाच्या पत्रात म्हटले आहे. पण ठपका कुणावर येतो ते बघा. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप झटके येणाऱ्या मुलाला घेऊन आला आहे. तो म्हणतो, "माझा विश्वास आहे; माझा अविश्वास घालवा." निम्मा विश्वास, निम्मा अविश्वास, एकाच श्वासात. मूल बरे होते. याच प्रसंगात मत्तय सांगतो की 'अल्पविश्वासामुळे' हा बोल येशूने लावला तो आपल्या शिष्यांना, म्हणजे ज्यांना मुलाला बरे करता आले नव्हते त्यांना. लेकराच्या बापाला नव्हे. प्रार्थना करणाऱ्या पुढाऱ्यांनी हा भाग आपल्या बायबलमध्ये खूण करून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

आणि मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरे, असे त्यानेच सांगितले. विश्वास वजनकाट्यावर घालून मोजायची वस्तू असती तर त्याने दाण्याची उपमा दिली नसती.

पापामुळे प्रार्थना अडते का?

अडू शकते. यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो, तुम्ही कितीही प्रार्थना करा, मी ऐकणार नाही. तुमचे हात रक्ताने भरलेले आहेत. गरिबाच्या आरोळीला जो कान बंद करतो त्याचीही आरोळी ऐकली जाणार नाही, असे नीतिसूत्रांत आहे. पेत्र नवऱ्यांना बजावतो की बायकोला मानाने वागवा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. हे वचन मी प्रवचनातून फार क्वचित ऐकले आहे आणि याची मला खंत वाटते. चैनीसाठी मागता म्हणून मिळत नाही, हे याकोबाच्या पत्रातले म्हणणे तर सरळच आहे.

पण ही वचने स्वतःच्या अंगाला लावून बघायची आहेत, शेजाऱ्याच्या नाही. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी विचारले, पाप कुणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, याने नाही आणि त्यांनीही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तीही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, असे त्याने लूकच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट केले. दुसऱ्याच्या दुःखावरून त्याचे पाप ताडण्याचा अधिकार त्याने कुणालाच दिलेला नाही.

सारखीच प्रार्थना केली, एक वाचला आणि दुसरा गेला. असे का?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारा. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने ठार करतो आणि मग पेत्राला धरतो. मंडळी पेत्रासाठी एकाग्रतेने प्रार्थना करते. देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, पेत्र रस्त्यावर येतो. याकोबासाठी कुणी प्रार्थना केली नसेल का? तो येशूच्या अगदी जवळच्या तिघांपैकी एक होता.

पुढचा भाग माणसांचा आहे. पेत्र जिथे प्रार्थना चालली होती त्या घराचे दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आतले प्रार्थना करणारे लोक तिला म्हणतात, तुला वेड लागले आहे. ज्यासाठी ते मागत होते तेच दारात उभे होते आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता. आपला विश्वास कमी पडला का, हा प्रश्न ज्यांना छळतो त्यांनी हे वाचावे.

पेत्र का सुटला आणि याकोब का नाही, याचे कारण हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने दिलेले नाही. सर्वस्व गमावलेल्या ईयोबालाही कारण मिळाले नाही. त्याला वादळातून देवाचा आवाज मिळाला, प्रश्नांवर प्रश्न मिळाले, पण 'तुझ्यावर हे यासाठी आले' असे एक वाक्यही मिळाले नाही. मला कुणी हा प्रश्न विचारला की मी 'माहीत नाही' म्हणतो. दुसरे काही म्हटले तर ते खोटे होईल.

देवाची तीन उत्तरे असतात, 'हो', 'नाही' आणि 'थांब', असे शिकवतात. हे बरोबर आहे का?

लहान मुलांच्या वर्गात ठीक आहे. मोठ्यांच्या दुःखाला ते अपुरे पडते, कारण 'नाही' आणि 'थांब' यांतला फरक वाट पाहणाऱ्याला कधीच कळत नसतो.

'थांब' मात्र खरे आहे. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावर येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तो बेथानीला पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था म्हणाली, "प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता." मरीयेनेही नेमके तेच वाक्य म्हटले. दोघी बहिणी चार दिवस एकमेकींशी हेच बोलत बसल्या असणार. येशूने त्यांना गप्प केले नाही. आपण काय करणार आहोत ते ठाऊक असूनही तो रडला. दानीएलाला उत्तर मिळायला एकवीस दिवस लागले. मूल नसलेल्या जखऱ्या आणि अलीशिबा यांना 'तुझी विनंती ऐकली आहे' हा निरोप मिळाला तोवर ती दोघे म्हातारी झाली होती.

मंडळीच्या इतिहासातले मोनिकाचे उदाहरण मला फार जवळचे वाटते. मुलगा ऑगस्टिन भरकटलेला. ३८३ मध्ये तो उत्तर आफ्रिकेहून रोमला निघाला तेव्हा ती किनाऱ्यापर्यंत त्याच्या मागे गेली. तो जाऊ नये म्हणून ती रात्रभर जवळच्या प्रार्थनास्थळात रडत, मागत राहिली. तिला थाप मारून तो रात्रीच जहाजात बसला. सकाळी किनारा रिकामा होता. इटलीतच पुढे मिलानच्या बिशप अँब्रोसची प्रवचने त्याच्या कानावर पडली आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. नंतर ऑगस्टिननेच लिहिले की आईने त्या रात्री जे मागितले ते देवाने नाकारले, कारण ती आयुष्यभर जे मागत होती ते त्याला द्यायचे होते. आपल्यालाही असे कोडे उलगडेलच याची हमी नाही. मोनिकाला ते पाहायला मिळाले, आणि त्याच वर्षी ती वारली.

देवाला सगळे आधीच ठाऊक आहे, तर मागायचे कशाला?

येशूने 'तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत' असे म्हटले आणि लगेच पुढे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना शिकवली. त्याला या दोन गोष्टींत विसंगती दिसली नाही. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने याचे उत्तर असे दिले: आपण देवाचा बेत बदलण्यासाठी मागत नाही, काही गोष्टी आपल्या प्रार्थनेतूनच घडाव्यात असा त्याचा बेत असतो, म्हणून मागतो. काही ख्रिस्ती विचारवंत याहून पुढे जाऊन भविष्य काही अंशी खुले आहे असे मानतात. हा वाद जुना आहे. प्रार्थना करायला तो मिटण्याची वाट पाहावी लागत नाही.

प्रार्थनेचा शास्त्रीय प्रयोग झाला आहे का?

झाला आहे. अशा एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण, सहा रुग्णालये. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे या दोन्ही गटांना ठाऊक नव्हते. तिसऱ्या गटासाठी प्रार्थना झाली आणि तसे त्यांना सांगितलेही. पहिल्या दोन गटांत फरक पडला नाही: गुंतागुंत झालेले रुग्ण ५२ आणि ५१ टक्के. तिसऱ्या गटात मात्र ५९ टक्के निघाले. 'माझ्यासाठी प्रार्थना करावी लागते आहे, इतका मी गंभीर आहे की काय' या ताणाने असे झाले असावे, हा एक अंदाज.

हा निकाल लपवण्यात मला विश्वासाचा कमीपणा वाटतो, म्हणून इथे दिला. रुग्णांच्या घरचे लोक आपापली प्रार्थना करतच होते, तेव्हा 'प्रार्थनाच नाही' असा गट प्रत्यक्षात नव्हता, ही त्यातली एक अडचण. दुसरी माझ्या मते मोठी आहे. ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे एका व्यक्तीशी बोलणे. तिथे मात्रा आणि परिणाम यांचे गणित मांडता येत नाही.

प्रार्थना करतो आहोत, तर औषधे बंद करावीत का?

अजिबात नाही. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवले, आणि तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. पौलाने तीमथ्याच्या पोटदुखीवर थोडा द्राक्षारस सुचवला आणि त्रफिमाला मिलेत इथे आजारीच ठेवून तो पुढे गेला. लूक तर वैद्यच होता. औषध सोडणे ही विश्वासाची खूण आहे असे कुणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नका, मग तो व्यासपीठावर का उभा असेना.

देवावर रागावणे, त्याला जाब विचारणे हे पाप आहे का?

स्तोत्रसंहितेतली साधारण एकतृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाण्याची आहेत. "हे परमेश्वरा, कोठवर? तू मला सर्वकाळ विसरणार काय?" हे तेरावे स्तोत्र. हबक्कूकाचे पुस्तक 'मी आरोळी मारतो आणि तू ऐकत नाहीस' या तक्रारीनेच उघडते. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर शेवटीही आशेचा किरण नाही. इब्री मजकुरातला त्याचा शेवटचा शब्द 'अंधार' असा आहे. एवढे काळेकुट्ट स्तोत्र उपासनेत गाण्यासाठी जपून ठेवले गेले, यावरून काय ते समजावे.

ईयोब देवाशी भांडला. त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन लांबलचक प्रवचने दिली. शेवटी देव म्हणाला की ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, तुम्ही नाही. रागावलेला माणूस अजून देवाशी बोलतो आहे. आणि येशूने वधस्तंभावर 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे बाविसाव्या स्तोत्राचे शब्द उच्चारले, त्यामुळे हा प्रश्न आता स्वतः ख्रिस्ताच्या तोंडचा झाला आहे.

प्रार्थना करताना काहीच जाणवत नाही. देव दूर गेला आहे का?

जाणीव आणि उपस्थिती एक नव्हेत. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. त्यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की अनेक दशके त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवतच नव्हती. त्या तरीही रोज पहाटे गुडघे टेकत राहिल्या. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत (प्रॉटेस्टंट शिकवण प्रश्नोत्तरांत मांडणाऱ्या पुस्तकात) १२९ प्रश्न आहेत आणि शेवटचा 'आमेन' या शब्दाविषयी आहे. उत्तराचा आशय असा: मला जे हवे आहे ते मला मनात जितके जाणवते, त्याहून देवाने माझी प्रार्थना ऐकली आहे हे कितीतरी अधिक खात्रीचे आहे.

एकच गोष्ट किती वेळा मागावी?

येशूने न्यायाधीशाकडे हेलपाटे घालणाऱ्या विधवेचा दाखला दिला तो 'खचून न जाता सर्वदा प्रार्थना करावी' म्हणून, असे लूकनेच म्हटले आहे. दुसरीकडे पौल तीनदा मागून थांबला, कारण त्याला उत्तर मिळाले होते. उत्तर मिळाले नसेल तर मागत राहायला कुणाची हरकत नाही. थकला असाल तर काही दिवस दुसऱ्यांना तुमच्या वतीने मागू द्या. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उसकटून येशूपुढे सोडले, आणि मार्क लिहितो की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला.

अशा दुःखात असलेल्याला आम्ही काय म्हणावे?

सुरुवातीला काही म्हणू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढे त्यांचे अगदी बरोबर होते. 'देवाची योजना असते', 'त्याला देवाने आपल्याजवळ बोलावले', 'यातून काहीतरी चांगलेच होईल' ही वाक्ये खरी असली तरी दुःखी माणसाने स्वतः म्हणायची असतात. बाहेरच्याने त्याच्या हातात कोंबायची नसतात. आमच्याकडे भाऊ गेल्यानंतर एक आजी पंधरा दिवस रोज येत होत्या. भांडी घासायच्या, आईचे केस विंचरायच्या, निघताना स्तोत्राच्या दोन ओळी म्हणायच्या आणि जायच्या. त्यांनी एकदाही काही समजावून सांगितले नाही.

प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत. काय करावे?

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसते, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. कण्हणे पुरेसे आहे. नाहीतर उसने शब्द घ्या. एखादे स्तोत्र मोठ्याने वाचा, प्रभूची प्रार्थना म्हणा, 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथपर्यंतच जमले तरी थांबा आणि उद्या पुढे जा.

आईची एक प्रार्थनेची वही आहे. डाव्या बाजूला नाव आणि मागितल्याची तारीख, उजव्या बाजूला उत्तर मिळाल्याची. उजवीकडे बऱ्याच तारखा आहेत: कुणाचे ऑपरेशन, कुणाची नोकरी, कुणाचे मिटलेले भांडण. भावाच्या नावासमोरची जागा मोकळी आहे. तिने तिथे काही लिहिले नाही आणि ते पान फाडलेही नाही. रोज रात्री ती पहिल्या पानापासून नावे वाचत येते. त्या पानावर आली की त्याचेही नाव वाचते, जरा थांबते, आणि मग पुढचे नाव घेते.